बोलून झाल्यावरचा जामीन

ऑगस्ट २०१६. अमेरिकेत निवडणुकीचा धुरळा उडालेला. डोनाल्ड ट्रम्प यांनी भर सभेत सांगून टाकलं की 'आयसिस' ही अतिरेकी संघटना बराक ओबामांनी स्थापन केली. दुसऱ्या दिवशी एका रेडिओ मुलाखतकारानं त्यांना हात देऊन बाहेर काढायचा प्रयत्न केला. म्हणजे तुमचं म्हणणं असं ना, की ओबामांच्या धोरणांमुळे पोकळी तयार झाली आणि तिच्यात हे लोक शिरले? ट्रम्प म्हणाले, छे, स्थापनाच केली. तिसऱ्या दिवशी सकाळी ट्विटरवर आदळआपट : लोकांना सार्कॅझमसुद्धा कळत नाही? आणि त्याच दिवशी पेनसिल्व्हेनियातल्या सभेत पुढचा अंक. मी अर्थातच उपरोधानं बोललो होतो. पण खरं सांगायचं तर, तितकासा उपरोधही नव्हता.

या शेवटच्या वाक्याला दाद द्यायला हवी. आपल्याकडचे पुढारी 'माझ्या विधानाचा विपर्यास झाला' इथवर येतात आणि बिचाऱ्यांची प्रतिभा तिथेच आटते. तात्यांनी (मराठी व्हॉट्सॲपनं त्यांना केव्हाच तात्या करून घेतलंय, इथे औपचारिकता कशाला?) तीन दिवसांत विधान केलं, ते मागे घेतलं आणि मागे घेतलेल्यातलं निम्मं परत पुढे सरकवलं. ज्यांना पटलं होतं त्यांचं पटलेलंच राहिलं, ज्यांना झोंबलं त्यांना विनोदबुद्धी नाही असं ठरलं.

चार वर्षांनी, २३ एप्रिल २०२०ला, करोनाच्या पत्रकार परिषदेत तात्यांनी मोठ्यानं विचार केला की जंतुनाशकानं विषाणू मिनिटभरात मरतो, तर ते टोचून वगैरे शरीराच्या आत पोहोचवता येईल का, हे बघायला हवं. बाजूला बसलेल्या डॉक्टरीणबाईंचा चेहरा साऱ्या जगानं पाहिला. दुसऱ्या दिवशी डेटॉल आणि लायझॉल बनवणाऱ्या कंपनीला पत्रक काढावं लागलं की आमचा माल कोणत्याही मार्गानं पोटात वा शरीरात घेऊ नका. आणि त्याच दिवशी तात्यांचा खुलासा : मी पत्रकारांना उपरोधानं विचारत होतो, बघू म्हटलं काय होतं ते.

अटकपूर्व जामीन ऐकून होतो. हा बोलून झाल्यावर मिळणारा जामीन आहे. आधी वाट्टेल ते बोला, समोरचे हसले तर विनोद, टाळ्या आल्या तर धोरण, आणि अंगाशी आलं तर 'आय वॉज बीइंग सार्कॅस्टिक'. ही सवलत इंग्रजीत इतकी रुळली आहे की ती मागायला वकीलसुद्धा लागत नाही. ती मिळते कुणाला आणि नाकारली जाते कुणाला, एवढंच काय ते बघण्यासारखं उरतं.

तसा रोजच्या इंग्रजीतला उपरोध हा अगदी स्वस्त माल आहे. डोळ्यांदेखत गाडी सुटली, की 'ग्रेट'. नवऱ्यानं ओला टॉवेल पलंगावर फेकला, की 'थँक्स अ लॉट'. मे महिन्यात कुणी उकडतंय म्हणालं, की 'यू डोंट से'. कुणी नोकरी सोडून शेती करणार म्हणालं, की 'या, राइट'. 'बिग डील' म्हणजे यात काहीही बिग नाही आणि 'टेल मी अबाउट इट' म्हणजे कृपा करून सांगू नकोस, मीही तेच भोगतोय. सगळे शब्द सत्यनारायणाच्या प्रसादाइतके गोड, आणि शब्दकोश उघडून बसलेला माणूस दर वेळी फसणार.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले तत्त्वज्ञ सिडनी मॉर्गनबेसर यांच्याबद्दल एक किस्सा सांगतात. ऑक्सफर्डचे जे. एल. ऑस्टिन भाषण देत होते. त्यांनी मुद्दा मांडला की पुष्कळ भाषांमध्ये दोन नकार मिळून होकार होतो, पण दोन होकार मिळून नकार होतो अशी भाषा काही सापडत नाही. श्रोत्यांमधून मॉर्गनबेसर यांचा कंटाळलेला आवाज आला : 'या, या.' ऑस्टिन यांचा सिद्धांत जागच्या जागी वारला. भाषेच्या तत्त्वज्ञानात इतक्या कमी अक्षरांत इतकं मोठं खंडन दुसरं कुणी केलं असेल असं वाटत नाही.

आपण या खेळात नवे नाही. काश्मीरच्या मम्मटानं अकराव्या शतकात 'काव्यप्रकाश' लिहिला तेव्हा त्यानंही असंच एक उदाहरण घेतलं होतं. ज्यानं आपली पुरती वाट लावली त्यालाच म्हणायचं की बाबा, तुझ्या उपकारांना सीमा नाही, असाच वागत राहा आणि शंभर वर्षं जग. शब्द सोडून अर्थ उलटा घ्यायचा याला शास्त्रकारांनी विपरीत लक्षणा असं भारदस्त नावही देऊन ठेवलं. शाळेत व्याजस्तुती अलंकार आपण दोन मार्कांसाठी पाठ केला आणि नंतर आयुष्यभर सासरी-माहेरी फुकट वापरला.

फरक असा की मराठी माणूस टोमणा मारताना शिट्टी वाजवून मारतो. 'मोठा आलाय शहाणा' यात शहाणपणाची तारीफ आहे असं सहा वर्षांच्या पोरालाही वाटत नाही. 'काय दिवे लावलेस', 'चांगलाच उजेड पाडलास', 'धन्य आहे बाई तुझी' : वाक्याची ठेवणच सांगते की हार-तुरे आणू नका. घाव बसतो, पण कोर्टात गेलात तर साक्षीदार भरपूर मिळतील. इंग्रजी उपरोध मात्र अंगावर एकही खूण ठेवत नाही. 'ग्रेट' ते 'ग्रेट'च. अर्थ उलटवायचं सगळं काम आवाजावर सोडलेलं : जरा संथ, जरा खालच्या पट्टीत, एखादं अक्षर ओढून. आवाज विरला की पुरावा गेला. मागे राहतो तो निव्वळ गोड शब्द, आणि तो शब्द कुठल्याही चौकशी समितीपुढे ठेवा, निर्दोष सुटतो.

आपल्याकडच्या एका आख्ख्या पिढीनं हा आवाज 'फ्रेंड्स' मालिकेतल्या चँडलरकडून उचलला. मालिका १९९४ ते २००४ अशी चालली, आपल्याकडे अजून संपलेली नाही. साध्या प्रश्नात नको त्या क्रियापदावर जोर द्यायचा, भुवया वर, की झालं. चँडलर अवघडला की विनोदाच्या आड लपतो, आईबापांच्या भांडणात होरपळलेल्या माणसाचं ते चिलखत आहे, हे मालिका वारंवार सांगते. आपल्या पोरांनी चिलखत उचललं. होरपळ मागवायची राहिली. आता लग्नाच्या ॲपवर प्रत्येक तिसऱ्या प्रोफाइलमध्ये 'फ्लुअंट इन सार्कॅझम' असतं. मराठीत कुणी आपल्या स्थळाच्या माहितीत 'छंद : टोमणे मारणे' असं छापेल का? मुलीच्या मावशीनं तो कागद तिथल्या तिथे परत पाठवला असता. इंग्रजीत तीच गोष्ट बुद्धिमत्तेचं प्रमाणपत्र ठरते.

आणि ऑस्कर वाइल्डचा दाखला तर हमखास असतो. उपरोध हा विनोदाचा नीचतम प्रकार पण बुद्धीचा उच्चतम, असं काहीसं वाइल्डच्या नावावर खपवतात. त्याच्या लेखनात ते सापडत नाही. वाइल्ड हा इंग्रजीतला 'पु. लं.चा किस्सा' आहे : कुणाचंही वाक्य बेवारस सापडलं की त्याच्या दारात नेऊन सोडायचं.

विलायतेत हा प्रकार आणखी मुरलेला. 'येस, मिनिस्टर' ही बीबीसीची मालिका १९८० साली सुरू झाली. तिच्यातला सचिव मंत्र्याला कधीही मूर्ख म्हणत नाही. तो म्हणतो, आपला निर्णय फार धाडसी आहे. मंत्र्याचा चेहरा पांढरा पडतो, कारण वादग्रस्त निर्णयानं मतं जातात आणि धाडसी निर्णयानं निवडणूक जाते, हे त्याला शिकवून ठेवलेलं असतं. आपल्याकडे २००१मध्ये 'जी मंत्रीजी' नावानं त्याचा हिंदी अवतार आला, फारुख शेख मंत्री होते आणि छान होते. पण गंमत तितकी चढली नाही, असं माझं मत. आपल्याकडचा सचिव मंत्र्याचा निर्णय धाडसी म्हणाला, तर मंत्री त्याचा फ्लेक्स लावतो.

तीच अडचण हिंजवडीत रोज सायंकाळी साडेसहाच्या कॉलवर येते. लंडनचा क्लायंट म्हणतो, 'दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग अप्रोच.' इकडे टीम लीड मिनिट्समध्ये लिहितो : क्लायंटला अप्रोच इंटरेस्टिंग वाटला. मॅनेजर त्याची स्लाइड करतो. पुढच्या आठवड्यात प्रोजेक्ट दुसऱ्याला गेल्याची मेल येते आणि तिच्यात आपल्या 'ब्रेव्ह' प्रयत्नांबद्दल मनःपूर्वक आभार असतात. ती मेलही एचआर वार्षिक अहवालात छापते. 'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट' यात रिस्पेक्ट किती ड्यू आहे, आणि 'ॲज पर माय लास्ट मेल' म्हणजे डोळे फुटले होते का तुमचे, हे कळायला आपल्या लोकांना दोन अप्रेझल जावी लागतात.

पण आपणच कशाला लाजायचं? इंग्रजांचं बोलणं इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकनांना तरी कुठे कळतं? एप्रिल १९५१, कोरियन युद्ध. इमजिन नदीकाठी ग्लॉस्टरशर रेजिमेंटची बटालियन चिनी फौजेच्या वेढ्यात सापडलेली. ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रोडी यांनी अमेरिकन वरिष्ठाला कळवलं की परिस्थिती जरा अवघड झाली आहे. त्यांचा शब्द होता 'स्टिकी', आणि त्याच्याआधी 'अ बिट'. इंग्रजी कानाला याचा अर्थ, आम्ही संपत आलोय. अमेरिकन कानानं ऐकलं, थोडी गडबड आहे पण निभावतंय. बटालियन टेकडीवर तशीच राहिली आणि तिच्यातले शेकडो जण युद्धकैदी झाले. याला उपरोध म्हणणं बरोबर नाही, हा त्याचा सभ्य चुलतभाऊ, पण दोघांची अट एकच : समोरच्यानं शब्द सोडून माणूस ऐकावा. वायरलेसवर माणूस येत नाही.

ईमेलवरही येत नाही. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. (हे तेच क्रूगर, ज्यांनी डनिंग यांच्याबरोबर सिद्ध केलं की ज्याला काही येत नाही त्याला आपल्याला सगळं येतं असं वाटतं. समाजमाध्यमं यायच्या आधीच, म्हणजे माणूस दूरदृष्टीचा.) काही वाक्यं गंभीरपणे, काही उपरोधानं, कधी बोलून आणि कधी ईमेलनं पाठवायची. पाठवणाऱ्यांना खात्री होती की वाचणाऱ्याला दहातल्या आठेक वेळा तरी बरोबर कळेल. आवाज ऐकलेल्यांना बऱ्यापैकी कळलं. ईमेल वाचणाऱ्यांना बरोबर कळलं ५६ टक्के वेळा, म्हणजे रुपया उडवून छापा-काटा केला असता तरी फार काही बिघडलं नसतं. पाठवणाऱ्यांची मात्र अशी अडचण की मेल लिहिताना स्वतःचा आवाज स्वतःच्या डोक्यात वाजत असतो. आपण काय झकास टोला हाणला म्हणून ते एकटेच हसत बसतात.

यावर उपाय काढायची खटपट फार जुनी. जॉन विल्किन्स या इंग्रज पाद्र्यानं १६६८ साली सुचवलं की उपरोधाच्या वाक्यापुढे उलटं उद्गारचिन्ह द्यावं. कुणी दिलं नाही. २०१०मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या एका कंपनीनं 'सार्कमार्क' नावाचं खास चिन्ह काढलं आणि ते १ डॉलर ९९ सेंटला विकायला ठेवलं. आपण उपरोध करतोय हे समोरच्याला सांगायला पैसे मोजायचे! त्यावर झालेली टिंगल सगळी फुकटात झाली. हल्लीची पोरं वाक्याच्या शेवटी तिरकी रेघ मारून 'एस' लिहितात. सोय आहे, पण टोमणा मारून झाल्यावर खाली 'हा टोमणा होता, कृपया नोंद घ्यावी' असा शिक्का मारण्यातली मजा मला अजून उमगलेली नाही. हे सदर 'तिरकस' या पाटीखाली छापलं जातं, तेव्हा या बाबतीत मी फार बोलू नये हे बरं.

वैद्यकात तर याची रीतसर परीक्षा आहे. चित्रफिती दाखवायच्या, एकच संवाद कधी सरळ तर कधी उपरोधानं म्हटलेला, आणि रुग्णाला फरक कळतो का ते बघायचं. मेंदूला मार लागलेल्या किंवा विशिष्ट प्रकारचा स्मृतिभ्रंश जडू लागलेल्या माणसांना शब्द नीट कळतात, पण टोमणा सुटून जातो. समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखणारं यंत्रच मंदावतं. लहान मुलांमध्ये ते यंत्र पाचव्या-सहाव्या वर्षाच्या सुमारास हळूहळू सुरू होतं. काही खात्यांमध्ये भरती झाल्यावर ते पुन्हा बंद करून ठेवतात.

उदाहरणार्थ, पोलीस खातं. जानेवारी २०१०, इंग्लंडमध्ये बर्फ पडून डॉनकास्टरजवळचा रॉबिन हूड विमानतळ बंद पडला. सव्वीस वर्षांचा एक शिकाऊ हिशेबनीस मैत्रिणीला भेटायला बेलफास्टला जाणार होता. वैतागून त्यानं ट्विटरवर लिहिलं की आठवडाभरात सुधारा, नाही तर विमानतळच उडवून देतो. आपल्याकडे एसटी उशिरा आली की स्टँडवर इतकं तर उभ्या उभ्या बोललं जातं. विमानतळाच्या लोकांनाही त्यात दम वाटला नव्हता, पण नियम म्हणून कागद पुढे सरकला आणि पोलीस या पठ्ठ्याच्या ऑफिसात हजर. खटला, ३८५ पौंड दंड, वर कोर्टखर्च, नोकरी गेली ती वेगळीच. गंमत होती हो, असं तो सांगत राहिला. खालच्या कोर्टाला पटलं नाही, अपिलातही पटलं नाही. स्टीफन फ्रायसारखे नामांकित विनोदवीर पाठीशी उभे राहिले, हजारो लोकांनी तेच वाक्य आपापल्या नावानं लिहिलं. जुलै २०१२मध्ये वरिष्ठ न्यायालयानं शिक्षा रद्द केली. एका वैतागलेल्या वाक्यात धमकी नाही हे न्यायव्यवस्थेला कळायला अडीच वर्षं लागली. तात्यांना एक रात्र पुरली होती.

टेक्सासचं प्रकरण याहून वाईट. २०१३ साली एक कोवळा पोरगा ऑनलाइन गेमवरून फेसबुकवर भांडत होता. समोरचा म्हणाला, तू वेडा आहेस. याचं उत्तर : हो ना, वेडाच आहे, आता जाऊन शाळेत गोळीबार करतो. खाली हसल्याची आणि गंमत केल्याची अक्षरंही लिहिली होती, असं घरच्यांचं म्हणणं. वाक्य अमानुष होतं, त्याची बाजू घ्यायची माझी इच्छा नाही. शाळेतल्या गोळीबारात मुलं मारली गेल्याला जेमतेम दोन महिने झाले होते. पण कॅनडातल्या कुणी ते वाचून कळवलं आणि पोरगा काही महिने तुरुंगात. जामीन किती? पाच लाख डॉलर. शेवटी नाव न सांगणाऱ्या एका दात्यानं ते भरले तेव्हा तो बाहेर आला.

म्हणजे दर असा आहे. राष्ट्राध्यक्षाला तोच जामीन फुकट, घरपोच. शिकाऊ हिशेबनिसाला ३८५ पौंड आणि अडीच वर्षं. पोराला पाच लाख डॉलर. ऑफिसातही दरपत्रक निराळं नाही. साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, 'वा, आज वेळेवर उगवलात', की ते साहेबांचं विनोदी अंग. हाताखालच्यानं उत्तर दिलं, 'आपल्यालाच आदर्श मानतो सर', की तो 'ॲटिट्यूड प्रॉब्लेम'. वाक्यं दोन्ही तितकीच तिरकी. एकाचा पगार मात्र दुसऱ्याच्या हातात.

हे सगळं आपल्याला आता नव्यानं का शिकायचं? कारण २०१९पासून अमेरिकी व्हिसाच्या अर्जात गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची नावं द्यावी लागतात, आणि जून २०२५मध्ये विद्यार्थ्यांना फर्मान निघालं की आपापली खाती सर्वांना उघडी करून ठेवा, आम्हाला बघायची आहेत. पुण्या-मुंबईतली, नाशिक-नागपूरची पोरं सध्या जीआरईच्या शब्दांबरोबर स्वतःच्या जुन्या पोस्टही वाचत बसलेली असतात. 'वॉव, व्हॉट अ जीनियस प्रेसिडेंट' असं दुसऱ्या वर्षाला असताना लिहिलं होतं. ते ठेवावं, की काढावं? शब्दशः घेतलं तर व्हिसा मिळायला हरकत नाही. बापाचा सल्ला असा की सगळंच काढून टाक. मग कोरं खातं बघून साहेबाला वाटायचं, पोरगा काहीतरी लपवतोय. 'फ्लुअंट इन सार्कॅझम' मात्र निमूटपणे उडवलं जातं. तिथे आता 'पॅशनेट अबाउट सस्टेनेबिलिटी' आहे.

व्हिसाच्या खिडकीमागच्या साहेबाला उपरोध कळेल की नाही, ही चिंता रास्त आहे. पण अमेरिकी सरकारनं प्रयत्न केला नाही असं म्हणता येणार नाही. जून २०१४मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसनं ट्विटरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर हवं म्हणून मागणी काढली. अटींच्या यादीत एक अट होती की सॉफ्टवेअरला सार्कॅझम ओळखता आला पाहिजे. बातमी फुटली आणि सगळं इंग्रजी जग एका सुरात उद्गारलं, व्वा, काय ही कल्पना, हमखास चालणार! सॉफ्टवेअर असतं तर त्यानं हे अभिनंदनात जमा केलं असतं. त्याच यादीत आणखी एक अट होती : हे सगळं इंटरनेट एक्स्प्लोरर ८वर चाललं पाहिजे. तेव्हा बाजारात एक्स्प्लोरर ११ आलेलं होतं. ही अट उपरोधाची नव्हती.